डाव्या बाजूची कडी

१

नाक्याच्या वहीत कुणीतरी खोटं लिहिलं. एकच आकडा, बोटभर जागेत. पण त्या एका आकड्याने माझे सगळे कागद खोटे ठरले, आमची गाडी अडली, आणि गाडी अडली म्हणजे कुठल्यातरी गावची बाळंतीण पुन्हा खाटेवर आली. ज्याने लिहिलं त्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्या आठवड्यात भेटेल त्याला मी हेच ऐकवत होतो.

१९५८ सालचा नोव्हेंबर होता. नागपूरहून बी. एस्सी. होऊन मला दोन वर्षं झाली होती, आणि ती दोन्ही वर्षं मी आलापल्लीला आमच्या आरोग्य मंडळाच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात चिटणीस म्हणून काढली होती. मंडळाच्या बैठका चांद्याला भरत, पैसा चांद्याला असे, आणि माणसं इकडे जंगलात मरत. चौघांनी खाट खांद्यावर घ्यायची, वीस-बावीस मैल चालायचं, आणि दवाखान्याच्या पायरीशी खाट टेकवली की आमच्या डॉक्टरांनी पांघरूण तोंडावर ओढायचं. अशा एकोणीस खाटा मी मोजल्या होत्या. मला बैठकांचा वीट आला होता. मला गाडी हवी होती.

नागपूरच्या एका दुकानात नुकतीच एक विलायती गाडी आली होती. डिझेलवर चालणारी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. नाल्याच्या रेतीत साध्या गाडीची मागची चाकं स्वतःची कबर खणत बसतात. हिची पुढची चाकं तिला ओढून काढत. किंमत एकवीस हजार सातशे. मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव मूलकडचे मोठे शेतकरी, धानाच्या गिरणीचे मालक. किंमत ऐकून त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "मोरेश्वर, एवढ्यात चाळीस बैलजोड्या येतेत. अन् त्या शेण बी देतेत."

शेवटी ठरलं ते असं. सहा माणसांचा भार घेऊन आमच्याच रस्त्यांवर गाडीने गॅलनला अठ्ठावीस मैल दिले, तर दुकानदार वीस हजारांवर येणार आणि मंडळ घेणार. नाही दिले, तर लिलावातली जुनी पेट्रोलची जीप सात हजारांत घ्यायची. ती जीप मी पाहिली होती. पहिल्याच नाल्यात ती बसली असती आणि विसावी खाट मला मोजावी लागली असती. म्हणून चाचणीचा प्रत्येक आकडा मी स्वतः घेणार होतो.

२

दुकानाचे पिंपळापुरे गाडी घेऊन आले. चाळिशीचे, स्वच्छ कपड्यांतले, गाडीला "ही" नव्हे तर "आमची मुलगी" म्हणणारे. चालवायला मी लटारूला घेतलं. लाकूडठेकेदारांच्या ट्रकवर वीस वर्षं काढलेला माणूस. रस्ता ओळखायला त्याला दिवे लागत नसत.

सकाळी सातला आम्ही हिरड्याच्या गोदामातल्या काट्यावर एकेक करून बसलो. हमाल हसत होते. पिंपळापुरे दोन मण दोन शेर भरले तेव्हा लटारू म्हणाला, "साहेबाचा हिरडा ओला हाये, वाळवून आणा." आमच्या तिघांच्या वजनात रेतीची पोती घालून सहा माणसांचा भार केला. टाकी गळ्यापर्यंत भरली. मग मी बांबूची एक कामटी घेतली आणि गाडीखाली शिरलो. मागच्या दोन्ही पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांवर, गाडी किती दबते ते मोजायला कामटीवर दोन खाचा केल्या. वरची खाच रिकाम्या गाडीची, खालची भरल्या गाडीची. दोन्ही बाजू सारख्या होत्या.

गाडीच्या मागच्या भागावर कापडी टप होता, लोखंडी कमानींवर ताणलेला. आत समोरासमोर दोन लांब बाकं. डाव्या बाजूच्या शेवटच्या कमानीला टपाची दोरी अडकवायची एक लोखंडी कडी होती. ती सैल होती. गाडी निघाली तशी ती वाजायला लागली. टिण, टिण, टिण. दर खड्ड्याला दोनदा. पिंपळापुरे म्हणाले, परतल्यावर आवळून देतो. दोन मैलांनंतर ती कानाला ऐकू येईनाशी झाली, घड्याळासारखी.

सहाव्या मैलावर जंगलखात्याचा नाका. आडवा बांबू, एक झोपडी आणि झाडू नावाचा म्हातारा नाकेदार. शिकारीला जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं म्हणून त्याला हुकूम होता की प्रत्येक गाडीत माणसं किती, बंदुका किती, ते जाताना आणि येताना लिहायचं. झाडू उठला, गाडीभोवती एक फेरी मारली, टपात डोकावला आणि लिहिलं: माणसं तीन, बंदूक नाही. मी त्याला दोनदा घाई केली. त्याने तेवढ्याच सावकाशीने बांबू वर केला.

३

गट्टेवाही बाविसाव्या मैलावर. गावाच्या शिवेवर लोक उभेच होते. इंजिनाचा आवाज त्यांना मैलभरावरून आला असणार.

सोमारीला वेणा सुरू होऊन दुसरा दिवस होता. नवरा दसरू खाटेला बांबू बांधत होता. मी खाली उडी मारली आणि सांगितलं, खाट ठेवा, गाडीत घाला. मी मनात काय म्हणालो तेही लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. मी म्हणालो, याहून चांगली चाचणी कुठली मिळणार? गुणवंतरावांना सांगता येईल की पहिल्याच फेरीत गाडीने एक बाई वाचवली.

पोती गावात उतरवली. सोमारीला आडवं झोपता येईना. ती डाव्या बाकाच्या टोकाला बसली, पाय खाली रोवून, हाताने शेवटची कमान घट्ट धरून. बरोबर कडीवरच तिची मूठ आली. कडी गप्प झाली. दसरू शेजारी बसला. त्याची आई सुकरी गाडीच्या मागे थोडी चालली आणि थांबली.

तिथून परतताना आठ मैलांवर नाला लागतो; सकाळी आम्ही तो जपून, हळूहळू ओलांडला होता. पाणी मांडीभर, तळाला रेती. लटारूने चारही चाकांना जोर देणारा लाल मुठीचा दांडा मागे ओढला आणि गाडी त्या पाण्यातून अशी निघाली जशी डांबरी सडकेवरून निघावी. पिंपळापुऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही खूश झालो होतो. पलीकडे चढ संपल्यावर मी लटारूला थांबायला सांगितलं. परतीच्या नाल्यानंतर पाटे मोजायचे, चाकांच्या बुंध्यांत पाणी शिरलं का ते पाहायचं, पाण्याची खोली लिहायची, असं कागदावर आधीच ठरलं होतं. मी कामटी घेऊन खाली शिरलो.

आतून सोमारी काहीतरी बोलली. दसरू बाहेर डोकावून म्हणाला, "साहेब, आलं काय म्हणते."

मी गाडीखालूनच म्हणालो, "आता येईल."

माझ्या कागदावर अजून आहे: नाला, थांबा, दहा मिनिटं. घड्याळात बघून लिहिलेली.

पुढे तीन मैल गेल्यावर दसरूने मागून पत्र्यावर थाप मारली. एकदाच. लटारूने गाडी थांबवली. मी मागे गेलो. ती तशीच बसली होती, मूठ कमानीवर, डोकं दसरूच्या खांद्यावर. खाली बाकावरून रक्त ओघळलं होतं. मी नाडी पाहिली, डोळे पाहिले. मग दसरूने तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्या दहा मिनिटांत आम्ही फार तर आणखी तीन मैल गेलो असतो. दवाखाना अजून लांबच राहिला असता. हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे आणि तो बरोबर आहे.

४

दसरू म्हणाला, गावी न्या. आम्ही गाडी वळवली.

परतताना मी एकच विचार करत होतो, आणि तो चाचणीचा होता. बाई गेली होती. आता कागदही फुकट गेले तर ती उगाचच गेली असं होईल. अकरा मैल मागे, तिथून बावीस मैल आलापल्ली. अंतर वाढलं तर वाढू दे, तेल मोजता येईल. पण इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की थंड इंजिन जास्त तेल खातं, असं पिंपळापुऱ्यांनी सकाळीच सांगितलं होतं. म्हणून मी लटारूला बजावलं, गावात इंजिन बंद करायचं नाही.

शिवेवर सुकरी उभी होती. हातात पाण्याचा तुंबा. तिला कुणी सांगितलं होतं मला माहीत नाही. गाडी परत आली यावरून कळलं असेल. दसरू उतरून माझ्याजवळ आला आणि इंजिनाच्या धडधडीत म्हणाला, "बंद करा साहेब."

मी म्हटलं, बंद करता येत नाही, तुम्ही उतरवून घ्या.

त्याने हात जोडले नाहीत, आवाजही चढवला नाही. समजावल्यासारखं बोलला. असं गेलेलं माणूस बंडीतून आणलं की आधी बैल सोडतात. मग घरचं बायमाणूस त्याला नावाने हाक मारतं, घर आलं म्हणून सांगतं, आणि मागे न बघता घराकडे चालू लागतं. त्याची आई त्यासाठीच थांबली होती. तेवढ्याला किती वेळ लागतो? "जुपल्या गाडीतून कोणी उतरत नाई, साहेब," तो म्हणाला.

ऊन चढलं होतं. मी घड्याळ पाहिलं. मी म्हणालो की मला वाईट वाटतं, पण हे यंत्र आहे, बैल नव्हे.

चौघांनी तिला उतरवून खाटेवर ठेवलं आणि खाट गावाकडे नेली. आमची पोती परत गाडीत चढली. लटारूने गियर टाकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. सगळं गाव खाटेमागे चाललं होतं. सुकरी एकटी तिथेच उभी होती आणि ती खाटेकडे पाहत नव्हती. गाडीकडे पाहत होती.

नाक्यावर झाडूने फेरी मारली, डोकावला, लिहिलं. मी वही न बघता सही केली. पुढच्या सहा मैलांत लटारू एकदाच बोलला. म्हणाला, "साहेब, कडी वाजत नाई."

मी कान दिला. खड्डे तेच होते. कडी वाजत नव्हती.

५

आलापल्लीला पोचून तेल मोजलं. सहासष्ट मैलांना तीन गॅलनला थोडं कमी. गॅलनला तेवीस मैल.

मी पोती उतरवायला लावली आणि कामटी घेऊन खाली शिरलो. उजवा पाटा वरच्या खाचेला आला. डावा आला नाही. दोन बोटं खाली राहिला. रिकामी गाडी डाव्या अंगाला किंचित कलून उभी होती, कुणीतरी मागच्या टोकाला बसावं तशी. पिंपळापुरे म्हणाले, पाट्याचं एखादं पान बसलं असेल, नाल्यात दगड लागला असेल. पटण्यासारखं होतं. बरोबर आणलेल्या पेटीतून नवा पाटा काढून त्यांनी तो संध्याकाळपर्यंत बदलला.

सकाळी नवा पाटाही दोन बोटं खाली होता.

त्या दिवशी गाडी धुतली. लटारूने बाकं राख लावून घासली. मग नवा पाटा तपासायला आम्ही तिघे सिरोंच्याच्या रस्त्यावर दहा मैल जाऊन आलो. तो रस्ता लाल मातीचा. मागच्या टपात धूळ शिरून सगळं विटेसारखं होतं. परतल्यावर पिंपळापुऱ्यांनी टपाचा पडदा वर केला आणि तसाच धरून उभे राहिले.

बाकं लाल, जमीन लाल, कमानी लाल. डाव्या बाकाच्या टोकाला मात्र एका माणसाला बसायला पुरेल एवढी जागा स्वच्छ होती. धुतल्यासारखी, लाकडाच्या रेषा दिसत होत्या. खाली जमिनीवर दोन छोट्या लांबट जागा, शेजारी शेजारी, तशाच स्वच्छ. आणि शेवटच्या कमानीवर, कडीपाशी, मुठीएवढा पट्टा.

मी आत चढलो आणि टप तपासला. त्या बाजूला फट असेल, वारा आत येऊन तेवढीच धूळ उडवत असेल, असं काहीतरी सापडायला हवं होतं. फट नव्हती. मी वाकून बाकावर तळहात टेकवला. फळी गार होती. सावलीतली फळी गारच असते.

खाली उतरलो तेव्हा पिंपळापुरे पान लावत बसले होते. त्यांनी त्यानंतर गाडीला आमची मुलगी म्हटलं नाही. लटारूने किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी रागावलो, वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाने धुळीला भ्यावं का, म्हणालो. तो म्हणाला, "धुळीले नाई भेत, साहेब. जिथी धूळ नाई, तिथी भेतो. तुमी मले कामावरून काढा."

मी रात्री हिशेब मांडला. एका बाईच्या वजनाने अर्धा गॅलन तेल जात नाही. जाऊच शकत नाही. म्हणजे उत्तर दुसरीकडे होतं: इंजिनात तेल फवारणाऱ्या पिचकाऱ्या, टायरातली हवा, रेती. मला बरं वाटलं. मग लक्षात आलं की तिचं वजन आपण धरलं, आणि धरताना आपल्याला काही वाटलं नाही.

६

चौथ्या दिवशी चांद्याहून गुणवंतरावांचं पत्र आलं. तेवीस मैल पाटा बसल्याने आले, ते धरू नका, असं मी चाचणीच्या कागदांत लिहून पाठवलं होतं, आणि कागदांना नाक्याच्या वहीची नक्कल जोडायची अटच होती. पत्रात लिहिलं होतं: जाताना माणसं तीन, येताना चार. तुम्ही म्हणता तीन. चौथ्याला वाटेत घेऊन आलापल्लीपर्यंत आणलंत, मग भार कसा धरला? चाचणी रद्द. सोमवारी बैठक आहे. तोवर नवे कागद आले तर बघू, नाहीतर लिलावाची जीप घेऊन टाकू.

तो गुरुवार होता; लटारूला मनवण्यात आणि भेटेल त्याला नाक्याचं खोटं ऐकवण्यात शनिवार उजाडला. कागद रविवारी पहाटेच्या मोटारीने निघाले तरच सोमवारी पोचणार होते. लटारू नाही म्हणाला होता. पिंपळापुऱ्यांना अचानक पोटदुखी झाली. गाडी चालवायचा परवाना माझ्याकडेही आहे हे पाहून त्यांनी गाडी माझ्या हवाली केली. मी एकट्याने सहा माणसांचा भार पोत्यांनी पुरा केला आणि आठ वाजता निघालो.

कागदांचं पाकीट शेजारच्या जागेवर ठेवलं होतं. मागे कडी गप्प होती. कापड फडफडत होतं, पोती सरकत होती, पत्रा करकरत होता. एवढ्या आवाजात एका कडीचं न वाजणं किती ऐकू येतं, ते मला त्या दिवशी कळलं. सहा मैलांत मी तीनदा मागे पाहिलं. पोती होती.

नाक्यावर मी आधी झाडूला धारेवर धरलं. तू चार कसे लिहिलेस? कुणाच्या सांगण्यावरून? जंगलातल्या माणसांना गाडी मिळू नये असं कुणाला वाटतं? झाडूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जेवढे दिसले तेवढे लिवले. मी डोके मोजतो साहेब, नातं नाई इचारत."

मी म्हटलं, आज आकडा मी लिहितो. वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: माणूस एक, बंदूक नाही. झाडूने टपाकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बांबू वर केला.

७

गट्टेवाहीच्या शिवेवर मी गाडी थांबवली. चाचणीत हे नव्हतं. पण लटारूला कामावर परत आणायचं तर त्याला सांगण्यासारखं काहीतरी हातात हवं होतं, एवढंच माझं म्हणणं होतं. आणि एकदा करून पाहायला काय हरकत? प्रयोग म्हणून.

गाव रिकामं होतं. धान कापणीला आलं होतं. शिवेवरच्या मोहाखाली फक्त पोचू नावाचा म्हातारा पायाला पाला बांधून बसला होता. मी विचारलं, दसरू कुठे, सुकरी कुठे? तो म्हणाला, गावामागच्या ओढ्यापलीकडच्या बांधीत, धान कापून राह्यले. सांजेला येतील. बसा.

सांज म्हणजे सहा तास. सहा तास बसलो तर रात्री पोचणार, तेल मोजणार, कागद लिहिणार, आणि पहाटेची मोटार चुकणार. सोमवारी लिलावाची जीप. विसावी खाट. बांधीला गाडीवाट नव्हती; चालत जाऊन त्यांना आणावं, तर तेही तीन तास.

मी परत गाडीत बसलो आणि इंजिन बंद केलं.

इतके दिवस ते इंजिन माझ्या डोक्यातही चालू होतं, हे ते थांबल्यावर कळलं. झाडांचा आवाज आला. दूर कुठेतरी कोंबडा ओरडला. गरम लोखंड टिकटिकत गार होत होतं. मी उतरून मागे गेलो, पडदा वर केला. पोती, धूळ, आणि टोकाची ती स्वच्छ जागा.

पोचू मोहाखालून बघत होता. मी काय करणार ते त्याला माझ्याआधी कळलं असावं. तो म्हणाला, "तुमी हाक नका मारू, साहेब. तुमचं घर इथी नाई."

मी म्हटलं, हाक ती हाक.

मग मी मोठ्याने म्हणालो, "सोमारी, उतर. आलं." 'घर आलं' म्हणायचं होतं. तोंडातून तेवढंच निघालं. आणि दसरूने सांगितलं होतं तसं, मागे न बघता, मी चालू लागलो. पण जायचं कुठे? गावात माझ्या कुणाचंच घर नव्हतं. सात-आठ पावलं गावाकडे गेलो, मला स्वतःचीच लाज वाटली, आणि वळसा घेऊन गाडीच्या पुढच्या दारापाशी आलो. आत बसलो. इंजिन एका फिरकीत सुरू झालं.

पहिल्याच खड्ड्यात कडी वाजली.

टिण, टिण.

मी गाडी थांबवली. कामटी घेऊन खाली शिरलो. डावा पाटा उजव्याच्या बरोबरीने होता. खालच्या खाचेला, पुऱ्या भाराला यावा तसा, बोटभरही कमी-जास्त नाही.

मी तिथेच मातीत पडून हसलो. सगळी दुनिया एका खाचेवर परत आली होती. पोचू अजून बघत होता. मी त्याला हात केला. त्याने केला नाही.

८

परतीचा रस्ता मला आठवतो तो आनंदाचा. नाला आला तसा गेला. मी थांबलो नाही, काही मोजलं नाही. तेलाचा काटा अगदी सावकाश उतरत होता. सकाळपेक्षा कमी तेल लागतंय हे नुसतं बघून कळत होतं. तीसही मिळतील, असं वाटलं. मी मोठमोठ्याने बैठकीत काय बोलायचं ते म्हणून पाहिलं. वीस हजार जास्त नाहीत, गुणवंतराव. एकोणीस खाटांचा भाव काढा. मागे कडी प्रत्येक वाक्याला दोनदा वाजत होती.

कुठेतरी वाटेत शेजारच्या जागेवरचं पाकीट खाली पडलं. खड्डा होता. मी एका हाताने ते उचलून परत ठेवलं. थोड्या वेळाने ते पुन्हा खालीच होतं. या वेळी रस्ता सपाट होता, पण वळण होतं, वळणावर वस्तू सरकतात. मी ते उचलून मांडीवर घेतलं. हात तिकडे नेताना तो मी जरा आखडून नेला, का ते सांगता येणार नाही.

नाक्यावर ऊन उतरायला लागलं होतं. झाडू उठला. सवयीने गाडीभोवती फेरी मारली, टपात डोकावला, मान हलवली आणि पुढे माझ्या बाजूला आला. मी म्हटलं, बघितलंस ना? मागे कुणी आहे? तो म्हणाला, कोणीच नाई. मला त्याची वही चुंबावीशी वाटली.

त्याने ती माझ्यापुढे धरली. पेन्सिल जिभेला लावून माझ्या हातात दिली. म्हणाला, तुमीच लिवा आज. मी तारीख लिहिली. गाडीचा नंबर लिहिला. बंदूक नाही, लिहिलं. माणसांच्या रकान्याशी पेन्सिल टेकवली.

झाडू बांबूकडे वळला होता. जाता जाता त्याने माझ्या पलीकडे पाहून हात कपाळाला लावला, आणि शेजारच्या माणसाची विचारपूस करावी तशा सुरात मला म्हणाला, "आज बाई समोर बसली काय? बरं केलं, साहेब. मागं लय धक्के लागतेत."